झुकिनी आणि नणंदेचा हातगुण

आमच्या ह्यांना बी आणायला एकटं पाठवू नये, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी त्या दिवशी पाठवलं. दसरा झाला होता, सोयाबीन घरात आलं होतं, अन् घरामागची परसबाग नुसतीच रिकामी पडली होती. मी सांगितलं, "संग्रामपूरले चाललेच हा तं काकडीचं बी घेऊन या. मेथी-पालकाचं हाय घरात."

संध्याकाळी हे एक चकचकीत पाकीट घेऊन आले. पाकिटावर हिरवीगार, लांबट, गुळगुळीत काकडी. मी चष्मा लावला तर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, झुकिनी.

"हे काकडी नोहे," मी म्हणाले.

"काकडीच हाय. चित्र पाह्य न."

"चित्र पाहून बी आनता तुम्ही? लगीनही फोटो पाहूनच केलं होतं, तवापासून सवय दिसते."

"दुकानदार म्हने भारी चीज हाय. पुण्यामुंबईच्या हॉटेलात चालते."

"मंग आपलं हॉटेल कुठी हाय?"

त्यावर ते "पाहू न" म्हणाले अन् टोपी खुंटीला लावून मोकळे झाले. 'पाहू न' म्हणजे हरलो, पण कबूल करणार नाही. सोनाळ्यात राहून इतकी वर्षं मी हेच दोन शब्द ऐकत आले आहे.

ओट्यावर माझी नणंद तांदूळ निवडत बसली होती. तिला पदराआड हसू आलं. मला ते दिसलं अन् झुकिनीवरचा अर्धा राग तिथंच उतरला, कारण ती आमच्याकडे आल्यापासून हसायचं विसरल्यासारखीच होती.

ती ह्यांची धाकटी बहीण. तिचं सासर खाली देऊळगावराजाकडं. जिल्हा एकच, पण इथून तिकडं जायचं तर अख्खा दिवस मोडतो, अन् पोचेपर्यंत बोलीसुद्धा बदलते. नणंद मले-तुले म्हणत सासरी गेली ती मला-तुला शिकून परत आली. सासरी बियाण्याचं काम. हिरव्या जाळीचं मोठं शेडनेट, त्यात कंपन्यांसाठी काकडीचं बी तयार करायचं. नवऱ्याला तापाचं निमित्त झालं अन् तो गेला. त्याच महिन्यात तिनं ट्रेमध्ये लावलेली सगळी रोपं माना टाकून मेली. बुरशी लागली असेल, पाणी जास्त झालं असेल, देव जाणे. पण तिच्या थोरल्या जावेनं दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या. म्हणाली, हिचा हातगुणच वाईट.

त्यानंतरच्या लावणीला तिला बी हातात धरू दिलं नाही. बाकी कामं चालत होती हो! धुणं चालत होतं, शेण काढणं चालत होतं. भांडी घासायला हातगुण लागत नाही.

माझं डोकं फिरतं असलं ऐकून. पण खरं दुखणं जाऊ नव्हतीच. खरं दुखणं हे, की नणंदेनं ते मानलं होतं. आमच्याकडे आल्यावर ती तुळशीला पाणी घालेना. दुधाला विरजण लाव म्हटलं तर "वहिनी, तूच लाव, माझ्या हातचं फुटायचं" म्हणे. घरातलं काही रुजवायचं, लावायचं, सुरू करायचं असलं की ती हात मागे घ्यायची. मी चिडायची, समजवायची, टोमणे मारायची. ती ऐकून घ्यायची अन् परत तेच.

पाकीट पाहून माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. वांगी, दोडकी, भोपळा या सगळ्यांचे नियम आमच्याकडे ठरलेले. कोणत्या वारी लावायचं, कोणी लावायचं, कोणाची सावली पडू द्यायची नाही. पण झुकिनीचा नियम अख्ख्या गावात कोणालाच ठाऊक नव्हता. गावानं तिचं नावच ऐकलं नव्हतं.

"हे बी तू लाव," मी नणंदेला म्हणाले.

तिचे हात तांदळातच थांबले. "वहिनी, नको."

"काऊन नको? हे बाहेरदेशचं बेनं हाय. याले का मालूम तुयी जाऊ कोन अन् ते का म्हनते? याले मराठीच येत नाही."

"मस्करी नको करू. तूच लाव."

"मायी कंबर धरली," मी म्हणाले. कंबर ठणठणीत होती. पण ह्यांच्यासमोर मी अशी वाकून कण्हले, की तेही घाबरले अन् मला झेंडू बाम आणायला आत पळाले. माझ्या नाटकाला दाद मिळावी तर ती त्यांच्याकडूनच.

दुसऱ्या दिवशी आळी खणून झाली. पाकिटावर दोन रोपांत चांगलं अंतर ठेवा असं लिहिलं होतं, ते मी ओरडून ओरडून सांगितलं, तेव्हा कुठं ह्यांनी दोन-दोन हातांवर खड्डे घेतले. कुजलेलं शेणखत घातलं, माती ढीग करून वर आणली. ऊनही तिथं दिवसभर. सगळं तयार, अन् नणंदबाई मागच्या दाराच्या पायरीवर हात पदरात गुंडाळून उभ्या.

मी समजावलं, धमकावलं, कंबर धरून दाखवली. शेवटी वैतागून म्हणाले, "उजवा हात खराब हाय न तुया? मंग डाव्यानं लाव! डाव्यानं तं कोनाचं काही मारलं नाही?"

मी रागात बोलले होते. पण ती विचारात पडली. पायरी उतरली, खाली बसली अन् खरोखरच डाव्या हातानं एकेक बी उचलून मातीत उभं सरकवू लागली. उजवा हात पाठीमागे धरलेला. आमच्याकडे डाव्या हातानं कोणी पाणीसुद्धा देत नाही, अन् ही डाव्यानं लावणी करत होती. मला हसू आवरेना.

"काय हसतीस?" ती म्हणाली.

"काही नाही. हात सांभाय, उजवा पयून जाईन."

बी उगवलं. एखाददुसरं सोडलं तर सगळंच उगवलं. जाडजूड दोन पानं, मग तिसरं, मग हाताच्या पंजाएवढं चौथं. मी म्हणाले, पाह्य, उगवलं. ती म्हणाली, डाव्या हाताचं आहे ते. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण ती पायरीवर उभी राहू लागली, एवढं मात्र झालं. झाडाला हात लावायचा नाही, पण डोळा सगळीकडे. "वहिनी, लाल भुंगे आलेत, राख टाक." "पानावर पाणी नको ओतू, बुडाशी ओत." "तण काढलं का?" मी पाटावर बसून तण उपटायची अन् ती वरून हुकूम सोडायची. माझी कंबर खोटी धरली होती ती या कामानं खरी धरली.

तेवढ्यात आमच्या मालकांनी मांडव घातला. चार बांबू, वर तार, खाली सुतळीचे दोर. इतका देखणा मांडव, की खाली लग्न लावावं. काकडी म्हणजे वेल, वेल म्हणजे मांडव, त्यात विचार कसला करायचा? अन् झुकिनी होती, की बसकीच्या बसकी. मधूनच जाड दांड्यांवर छत्रीएवढी पानं काढायची, पानांवर चांदीसारखे पांढरे ठिपके, अन् वर चढायचं नावच नाही. एक तंतू म्हणून फुटला नाही. हे रोज संध्याकाळी तिची पानं उचलून सुतळीला बांधायचे. सकाळी पाहावं तर दांडा मोडून लोंबकळतोय.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. वय झालंय, पण आमच्या परसातलं एक पान हललं तरी त्यांना कळतं. "काऊन रे बापा, हा वेल चढत काऊन नाही?"

"थंडीनं आखडला काकू," हे म्हणाले. "चढंल न."

"तुयासारखाच हाय मंग. दिवाळीपासून म्हनतं तुमची गच्ची पाहाले वर चढतो, अजून चढला नाही."

त्या दिवशी नणंद पायरीवर बसून पोट धरून हसली. मी बायकांनी कसं हसावं यावर एक शब्द बोलले नाही, उलट काकूंना चहा पाजला. पुढं आमच्या पाकिटाच्याच मागच्या बाजूला सापडलं की हे झुडूप आहे, याला आधार लागत नाही. ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "पाहू न." मांडव तसाच राहिला. त्यावर मी पापड वाळवले.

मग फुलं आली. पिवळीधम्मक, ओंजळीएवढी. काही नुसत्या बारीक दांड्यावर, काहींच्या मागे बोटाएवढं हिरवं फळ लागूनच आलेलं. आम्ही तिघंही सकाळी चहाची कपबशी घेऊन परसात. आता हे इथं सांगायला हवं, की आमच्याकडे कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नसतं. काकडी असो, भोपळा असो, सरळ बोट दाखवलं की फळ सडतं म्हणतात. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून दाखवायचं. म्हणून आम्ही तिघंही बोटं दुमडून, मुठीनं झुकिन्या दाखवत उभे. काकूंनी भिंतीवरून पाहिलं अन् त्यांना वाटलं आमचं भांडण चाललंय.

एवढी काळजी घेऊनही फळं सडली.

पहिलं फळ टोकाकडून पिवळं पडलं, मऊ झालं, गळलं. मग दुसरं. मग रोजच. फूल सकाळी उमलायचं, उन्हं चढली की मिटायचं, अन् मागचं ते बोटाएवढं फळ वाढायचं सोडून सुकत जायचं. मी खत दिलं, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. काही उपयोग नाही.

नणंदेनं पायरीवर यायचं बंद केलं. एका संध्याकाळी जेवायला वाढलं तर ताटाशी बसून राहिली अन् ह्यांना म्हणाली, "दादा, मी आले अन् तुझी म्हैस आटली."

"म्हैस गाभन हाय म्हून आटली न, भैताडे!"

"विहिरीवरची मोटर जळली."

"ते दरसाल जयते. तू नव्हती तवाही जयत होती."

"अन् आता हे. डावा काय अन् उजवा काय." तिनं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते अन् त्यांच्याकडेच पाहत होती. "मी इथं राहिले तर तुमचंही वाटोळं होईल. मी जाते कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे कुठं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. सासरी जागा होती ती तशी. माहेर म्हणजे आम्हीच. ह्यांचा घास हातातच राहिला. चेष्टा करून करून ज्यांचं तोंड दुखत नाही त्या माणसानं ताटच बाजूला सारलं. अन् मला भीती वाटली, सरळ सांगते. ही पोरगी एक दिवस पिशवी उचलून निघून जाईल, अन् आपण एका भाजीपायी तिला घालवलं असं होईल, अशी भीती वाटली.

सकाळी मी परसात गेले अन् मोठ्यानं ओरडले. "अरे देवा! हे का झालं मायाकून!"

ती आतून धावत आली. "काय झालं?"

मी तोंड पाडलं. "अवो बाई, आता सांगूनच टाकतो. तुयी काही चूक नाही. मीच बोट दाखवलं होतं."

"काय?"

"काकू इचारत होत्या कुठी फय लागलं म्हून. मी आपलं सरळ बोट करून दाखवलं. हे पाह्य, या बोटानं. हेही अन् तेही. सगळ्याईकडं दाखवलं."

धादांत खोटं. पण तिच्या मनात एक अंधश्रद्धा घट्ट बसलेली, ती उपटायला मला दुसरी अंधश्रद्धाच सापडली. विज्ञान वगैरे मला बोलता येत नाही.

अन् मग नणंदबाई भडकल्या! आमच्या घरी आल्यापासून ज्या बाईनं आवाज चढवला नव्हता, ती कमरेवर हात ठेवून मला बोलली. "तुला कळत नाही का वहिनी? एवढी मोठी बाई तू! मी इथं जीव टांगून बसलेय अन् तू काकूला बोटं दाखवत फिरतीस? दोन दिवस जेवण गेलं नाही माझं! रांगोळी काढायची होती का त्या बोटानं?"

मी खाली मान घालून ऐकत होते. काय सांगू, इतकं बरं वाटत होतं. हे मोरीतून तोंडाला फेस लावून बाहेर आले, त्यांना वाटलं दुधात मांजर शिरलं.

बोलता बोलता ती तरातरा आळ्यापाशी आली, खाली वाकली अन् सडलेलं एक फळ तिनं फटकन तोडलं. उलटं करून पाहिलं. मग शेजारचं उमललेलं फूल उघडून आत पाहिलं.

"वहिनी."

"काऊन?"

"हे बोटानं नाही सडलं." तिचा आवाज एकदम कामाच्या माणसासारखा झाला होता. "हे क्रॉसच झालं नाही. हे मादीचं फूल. पाहा, मागं फळ आहे. अन् हे दांड्यावरचं नर. याची पावडर तिच्यावर गेलीच नाही. माश्या कुठंयत तुमच्याकडच्या?"

मी मान वर करून पाहिलं. मागच्या सगळ्या शेतांत तूर फुलावर आली होती, पिवळीच्या पिवळी. मधमाश्यांना तुरीचं आख्खं शिवार सोडून आमच्या चार आळ्यांवर यायची काय पडली होती?

"शेडनेटमध्ये माशी येतच नाही," ती म्हणाली. "तिथं आम्ही हातानंच करायचो. क्रॉसिंग." अन् मग ती थांबली. हातानं हा शब्द तिचा तिलाच ऐकू आला असावा. मी तिकडं पाहिलं नाही, तण उपटत बसले.

क्रॉसिंग सकाळी फूल ताजं असतानाच करायचं असतं. दुसऱ्या दिवशी दव पडलं होतं, शाल गुंडाळून आम्ही दोघी परसात. तिनं नराचं फूल तोडलं, पाकळ्या सोलून काढल्या, मधला पिवळा दांडा उरला. तो मादीच्या फुलात हळूच फिरवायचा, एवढंच काम. तिनं डाव्या हातानं फिरवायला घेतला. जोर जास्त झाला अन् फूल देठापासून तुटून तिच्या हातात आलं. दुसरं घेतलं. त्याचीही पाकळी फाटली.

"डाव्यानं नाही जमत," ती म्हणाली.

मी गप्प. इतकी गप्प मी उभ्या आयुष्यात बसलेली नाही.

मग तो दांडा तिनं उजव्या हातात घेतला. डाव्यानं फूल अलगद धरलं, उजव्यानं दांडा आत टेकवला अन् गोल फिरवला. इतकं सराईत, इतकं बारीक, की फुलावरचं दवसुद्धा हललं नाही. मग पुढचं फूल. मग त्याच्या पुढचं. शेवटच्या आळ्यापर्यंत गेली अन् मागे वळून मला म्हणाली, "बसलीस काय? नर तोडून दे एकेक."

परत मी मजूर.

चार दिवस तिनं श्वास रोखला होता. रोज उठली की आधी परसात. मग एका सकाळी तिनं मला हाक मारली, अन् हाकेवरूनच कळलं. फळ गळलं नव्हतं. फुगलं होतं, गर्द हिरवं, हातभर नाही पण वीतभर नक्की. त्याच्या शेजारी दुसरं, पलीकडे तिसरं. ती उजव्या हातानं त्यांच्यावरून नुसता हात फिरवत होती. मी म्हणाले, "नजर लागंन, सोड." अन् डोळे पुसायला आत गेले. कांदा चिरायचा होता असं सांगितलं.

त्यानंतर झुकिनीनं आमचा सूड घेतला. आज बोटाएवढी सोडावी तर परवा दंडाएवढी. भाजी केली, हरभऱ्याची डाळ घालून केली, भजी केली, किसून थालीपीठ केलं. हे ताटाकडे पाहून विचारायचे, "आज हिचं का केलं?" भाजीचं नाव घ्यायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. काकूंना एवढ्या झुकिन्या पोचवल्या, की त्या आम्हाला पाहून भिंतीपलीकडे खाली बसू लागल्या. दोडक्यासारखी लागते, पण दोडक्याची सर नाही, हा गावाचा निकाल.

पण त्या दिवसांत आमच्याकडे विरजण नणंद लावायची. तुळशीला पाणी तीच घालायची. दही घट्ट लागत होतं.

संक्रांत होऊन गेली अन् एके दुपारी तिच्या जावेचा फोन आला. मी भाकरी थापत होते, ती पीठ मळून देत होती. तिचे हात पिठाचे, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. ख्यालीखुशाली झाली. मग जाऊ म्हणाली, "उन्हाळी काकडीचा प्लॉट घेतलाय गं. क्रॉसिंगला बायाच मिळंनात. नव्या पोरी फुलं मोडून ठेवतात. तुझा हात लय हलका होता. येतीस का दोन महिने?"

माझ्या हातातली भाकरी फाटली. मी तोंड उघडणार, तोच नणंदेनं पिठाचा हात वर करून मला थांबवलं.

"माझा हात चालंल का बाई तुम्हाला?" तिनं विचारलं. शांतपणे. चिडून नाही, रडून नाही.

पलीकडे जाऊ नुसती खाकरली. मग, "अगं, माणूस बोलून जातं. दुःखात तोंडाला लगाम राहत नाही."

"हो. पण मी ते खरं मानलं होतं बाई." तिनं हाताचं पीठ झटकलं. "मी येते. क्रॉसिंग करीन. पण पहिलं बी मी लावीन. ट्रेमध्ये, सगळ्यांच्या समोर. चालत असंल तर सांगा."

तव्यावरची भाकरी करपली तरी मी ती उलटली नाही.

"ये," जाऊ म्हणाली. "तूच लाव."

फोन बंद झाला अन् मी सुरू झाले. "कायले जातं त्याईच्या दारात? गरज पडली तं हात हलका झाला काय? फोन दे इकडं, मी सांगतो त्या बाईले!"

"वहिनी, मी त्यांच्यासाठी नाही चालले," ती म्हणाली. "ते शेडनेट माझ्या नवऱ्यानं उभं केलं होतं. पाइप यांनी रोवले, जाळी यांनी ओढली, मी खालून दोरी धरली होती. त्यातच मला चोरासारखं दाराशी उभं केलं. मला एकदा आत जाऊन बी लावायचंय. बस."

जी पोरगी कुठंतरी जाते म्हणत होती, तिला आता कुठं जायचं ते ठाऊक होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तिच्यावाचून घर रिकामं होणार, हेही खरंच.

रविवारी हे तिला बसवर सोडायला निघाले. मी तिची पिशवी भरत होते अन् ती वेणी घालत होती.

"परत येशील न वो?" मी विचारलं.

"येईन न," ती म्हणाली. "आले तवा मला दुसरी जागा नव्हती म्हणून आले होते वहिनी. आता तुझ्याकडं यावं वाटतं म्हणून येईन."

मी पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली अन् चेन ओढून घेतली.